पातेल्यावरची नावं

जर्मलचं हे पातेलं माझं नाही.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं पहिलं नाव
सौ. चारुशीला ग. देवस्थळी. पुढची तारीख झिजलेली.
त्याखाली खिळ्यानं: नजमुद्दीन मुकादम, दापोली.
मग नुसतंच, बेबीताई.
सोहार सोडून कायमचं जाणारा
पातेलं पुढच्याच्या ओट्यावर ठेवून जातो.
विमानात वजन बसत नाही, म्हणतात.
सहा वर्षं झाली, ते माझ्याकडे आहे.

मंगळवारी वाल भिजत घातले, सव्वादोन किलो.
जेवायला सव्वीस माणसं,
त्यात चार पोरं वालाला नाक मुरडणारी
आणि कांबळी एकटा तिघांचा.
अलिबागला आई मोडाचं फडकं
उबेला म्हणून तांदळाच्या डब्यात दडवायची.
इथं नुसतं गच्चीच्या दाराआड टांगलं,
गुरुवारी बोटाच्या पेरापेराएवढे मोड.
या उन्हाचा एवढा एक उपकार मी मानते.

गुरुवारी रात्री सोलायला सगळे.
मधे परात, कोमट पाणी,
साल सुटताना चुट्, चुट्.
वाल सोलताना कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही,
म्हणून माणसं त्या वेळी खरं बोलतात.
मृदुलाच्या नवऱ्याचा पगार दोन महिने अडकलाय
हे मला परातीवरच कळलं.
आणि कांबळी,
मान वर न करता,
जसं मीठ द्या म्हणावं तसं म्हणाला,
"माझा व्हिसा कॅन्सल झाला. एकवीस तारखेचं तिकीट."
हात कुणाचेच थांबले नाहीत.
फक्त थोडा वेळ
सालं आणि दाणे एकाच ढिगात पडत राहिले.

शुक्रवारी फोडणी घातली आणि बघते तर
कोकमाच्या बरणीत तळाला लागलेलं मीठ.
दुकानं दुपारनंतर उघडणार.
वरच्या मजल्यावरच्या झुवैनाला हातवाऱ्यांनी 'आंबट' सांगितलं,
म्हणजे तोंड केलं, दात आंबल्यासारखं.
ती हसत आत गेली, बशी घेऊन आली.
सुकलेली काळी लिंबं. लूमी.
कानाशी हलवली की आत काहीतरी खुळखुळतं,
एखाद्या म्हाताऱ्या खिशासारखं.
दोन फोडून टाकली. जरा विचार करून तिसरं.
नारळाचं वाटण, गूळ, वरून कोथिंबीर,
आणि देवाचं नाव.

पहिला घास घेऊन सगळे क्षणभर गप्प.
"वेगळं लागतंय," मृदुला म्हणाली.
"वाईट?"
"तसं नाही म्हटलं मी," आणि ताट पुढे केलं.
भात दोनदा लावावा लागला.
नाक मुरडणाऱ्या चारातल्या एकानं
बोटं चाटल्याचं मी पाहिलं, बोलले नाही.

जेवणं झाल्यावर कांबळीनं खिळा मागितला.
मी म्हटलं, रीत अशी आहे की
ज्याच्या घरी पातेलं राहिलं, त्याचंच नाव.
तुम्ही तर कॅम्पवर राहणारे,
एका खोलीत सहा पलंग, ओटासुद्धा नाही.
"खरंय," तो म्हणाला, "मी फक्त जेवलो.
आणि अकरा वर्षं, दर शुक्रवारी, घासलं.
बाईंची तारीख कुणी घालवली असं वाटतं तुम्हाला?"

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
मी खिळा शोधायला उठले,
सापडायला उगाच उशीर केला.

त्यानं पातेलं मांडीत घेतलं, लेकराला न्हाऊ घालताना घेतात तसं.
'कांबळी' लिहिलं. शेवटची वेलांटी हात घसरून
पार बेबीताईंपर्यंत गेली.
मग नेहमीसारखा मोरीत जाऊन बसला,
लिंबाची सालं, मीठ,
आणि पाणी बारीक सोडून, कारण टँकर उद्या येणार.

झुवैनाची बशी रिकामी कशी परत करायची?
तळातलं खरवडून एक वाटी बिरडं निघालं.
ते घेऊन मी जिना चढत होते,
खालून घासण्याचा आवाज येत होता.
त्या नावापाशी येऊन तो हात जरा हळू चालवतोय
असं मला वाटलं.