दाखल

लुगोच्या इस्पितळात, लाँड्रीच्या मागच्या खोलीत
मी माणसं तपासत नाही.
माणसं गेल्यावर त्यांचे कागद तपासते.
सोळा प्रश्न. एकावर जरी खूण पडली
तर खाट योग्य होती.
शिरेतून औषध चालू होतं का?
नाडी पन्नासच्या खाली?
रक्त थांबत नव्हतं?
एकही नाही, तर अयोग्य.

अयोग्य म्हणजे खोटं नव्हे,
असं मी नव्या डॉक्टरांना दरवर्षी सांगते.
ते मान डोलावतात, वर जातात,
आणि रात्री दोन वाजता, समोर कुणी थरथरत उभं असलं की
सोळा प्रश्न विसरतात.

नऊ नंबर. औषधांच्या दुकानाचा मालक, दुर्बिणीची तपासणी.
सकाळी येऊन दुपारी घरी जाता आलं असतं,
चार दिवस राहिला, खिडकीजवळची खाट.
शिफारस कुणाची, ते पाहिलं आणि पान उलटलं.
अयोग्य.
पेन जराही अडखळलं नाही.

चौदा नंबर. रेमेदिओस कास्त्रोशाओ, एकोणसत्तर.
सोळापैकी सहा खुणा.
इतकं निःसंशय प्रकरण महिन्यात एखादंच.
तिसऱ्या दिवशी पहाटे वारली.
योग्य.

एकवीस. एलादिओ, ब्याऐंशी, आंकारेस डोंगरातल्या वरच्या गावचा.
ताप नाही. फुप्फुसं स्वच्छ. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा.
तक्रार: अशक्तपणा. मुक्काम: अकरा रात्री.
मी सगळे प्रश्न दोनदा विचारले.
कागद गप्प.
मग मागच्या बाजूला रात्रपाळीच्या नर्सचं बारीक अक्षर:
ताट पुसून खाल्लं. विचारतात, इथे रोज गरम असतं का.
शेजारच्याचं पांघरूण सरकलं की उठून नीट करतात.
बायकोला नोव्हेंबरात पुरलं. लाकडं फोडायला कुणी नाही.
गावात धूर निघणारं घर एकच होतं, ते यांचं.

सतरावा प्रश्न नाही.
तो मी घालू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर
घातलेला मला आवडणारही नाही,
कारण मग नऊ नंबरच्या घरातलीही चूल विझेल
दर शुक्रवारी.

अयोग्य, मी लिहिलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
घरी चूल पेटवायला कुणी नाही, रस्ता बर्फाखाली.
संगणकाने वाक्य नाकारलं. त्याला आकडा हवा होता.
यादी खाली खाली सरकवत गेले, शेवटी 'इतर'.
महिन्याच्या अहवालात 'इतर'चाच खांब सगळ्यांत उंच असतो.
साहेब म्हणतात, तो काढला तर आलेख सुबक दिसेल.
इतके दाखल, आणि दखल
कुणाचीच नाही.

चहा थंड झाला. बाहेर चादरी वाळवायची यंत्रं घुमतायत.
बावीस नंबर.
बाई, चौतीस, पोटात तीव्र दुखणं,
एकोणीस तास कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरवर.
तारीख पाहते.
त्याच अकरा रात्रींमधली सहावी.
शेरा एका ओळीचा, घाईतला:
वर खाट नव्हती.