अर्धा तारा

सिनेमाचं नाव सांगत नाही.
नाव सांगितलं की जाहिरात होते,
आणि जाहिरातीचे पैसे मला मिळून गेलेत:
बाराशे, रोख, मुंबई नाक्याला,
उड्डाणपुलाच्या सावलीत मोजून घेतलेले.

मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला
एकाच आठवड्यात दोन कामं आली.
एका चित्रपटाची प्रसिद्धी करा.
एका चित्रपटाचं परीक्षण लिहा.
दोन्हीला एकच असावा असं कोठुळे सर म्हणाले नव्हते,
वेगळे असावेत असंही नाही.
तिकिटाचे पैसे एकाचेच होते.

मंगळवारी रात्री पोपट पगारेंच्या मागे लुनावर बसले,
मांडीवर खळीचा डबा, कोमट.
पगारे आधी भिंतीला हात लावून बघतात,
लेकराचा ताप बघावा तसा.
"ओली भिंत खोटं बोलते. आत्ता धरते, पहाटे सोडते."
शालिमार, द्वारका, सातपूरला कंपन्यांची कंपाउंडं,
तोच चेहरा आम्ही लावत गेलो.
नायिकेच्या डाव्या डोळ्याखाली दर वेळी हवा राहायची,
पगारे अंगठ्यानं ती कानाकडे सरकवून द्यायचे.
विचारलं, तुम्ही पाहिलात?
"काय?"
सिनेमा.
तीस वर्षांत चिकटवलेल्यांतला एकही नव्हता पाहिला.
"पत्रिका वाटणाऱ्यानं
ताटात काय आहे ते सांगू नये, पोरी."

गुरुवारी पुण्याहून निनाददादाचा फोन.
परीक्षण तयारच होतं, पीडीएफमध्ये,
'काळजाला हात घालणारा',
'सहकुटुंब पाहावा असा',
खाली नाव फक्त माझं घालायचं.
तारे चार.
"साडेतीन दे हवं तर. अर्ध्यानं काय होतंय?"

आमच्या जिल्ह्यात अर्ध्याला असं बोलत नाहीत.
साडेतीन पीठांतलं अर्धं
आमच्या वणीच्या डोंगरावर आहे,
आणि पायऱ्या पूर्ण चढाव्या लागतात.
हे त्याला सांगितलं नाही.
"बघते" म्हणाले.
बघण्याचंच तर काम होतं.

शुक्रवारी नाशिकरोडला, सकाळचा खेळ.
पडद्याला उजवीकडे उभी शिवण,
त्या बाजूला जो जाई तो जरा दुभंगे.
माणसं सगळी मिळून अकरा.
नोटांच्या प्रेसमधून रात्रपाळी संपवून आलेले दोघं,
तिकीट काढून झोपलेले.
मागे एक जोडपं, त्यांचा सिनेमा वेगळा.
आणि माझ्या रांगेत एक बाई,
पिशवीतून शेपू डोकावतोय.

मध्यंतरापर्यंत वहीत तेरा दोष झाले.
आई मुलाहून तरुण.
खेड्यातल्या पोराच्या तोंडी डेक्कन जिमखाना.
तेरावा: वडील मरतात,
पांढरी चादर ओढली जाते,
चादरीखाली पोट हलतं.
'पोट हलतं' खाली दोन रेघा मारल्या. मजा आली.
तेवढ्यात शेजारी आवाज आला, हुंदका नाही,
नळ नीट बंद नसला की येतो तसा.
बाई पदर न लावता रडत होत्या,
त्या हलणाऱ्या पोटाकडे बघत.
अंधारात वही दिसत नव्हती,
तरी रेघा दोनच आहेत हे मला कळत होतं.

बाहेर उन्हात गाठलं. मावशी, कसा वाटला?
"रद्दी आहे गं."
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"अजून किती दिवस आहे?"

हे कुठे बसवायचं, चारशे शब्दांत?
कथा, अभिनय, संगीत, छायांकन,
चौकटी सगळ्या भरल्या,
त्यांचं वाक्य एकीतही मावेना.
शेवटी तसंच ठेवलं, सगळ्यात खाली, एकटं.
तारे दीड.
एक कशाचा ते मी नीट लिहिलंय.
अर्ध्याचं कारण दिलं नाही.

निनाददादाचा फोन पुन्हा आला नाही.
कोठुळे सरांनी प्रसिद्धीला नऊ दिले,
परीक्षणाला सहा;
समासात लिहिलं, 'बाईंच्या आड लपू नका.'
खरं असेल.

काल द्वारकेला सिग्नलवर थांबले तर
आम्ही लावलेला चेहरा वरून सुटलेला,
कपाळ डोळ्यांवर उलटलेलं.
सिनेमा तर उतरलाय.
गाडी बाजूला घेतली,
आधी भिंतीला हात लावून बघितला.
कोरडी होती.