आकसण्याची जागा

उद्यमबागेत, फौंड्रीच्या माडीवर माझं टेबल.
खाली भट्टी पेटली की दुपारपर्यंत कीबोर्डवर काळी वाळू.
काम साधं सांगितलं होतं: कारखाना संगणकात आणायचा.
म्हणजे कोण काय आहे
आणि कुणाकडे काय आहे
हे एकदा ठरवायचं.
तीन आठवडे झाले.

निपाणीचे दस्तगीर मुल्ला आम्हाला भंगार घालतात
आणि त्याच भंगाराच्या पुल्या विकत नेतात.
गिऱ्हाईक की पुरवठादार?
मी त्यांना दोघांचा वारस केलं.
प्रोग्राम अडला: ‘बाकी’ दोन्हीकडून आलीय,
कुठली धरू?

हे मला नवं नाही.
बाबा खानापूरचे, अम्मा बैलहोंगलची.
दारात बोट चेमटलं तर तोंडातून
आई गं निघेल की अय्यो,
हे बोट चेमटेपर्यंत मलाही ठाऊक नसतं.

शेजारची वैजयंता मुचंडीकर चष्मा पुसत म्हणाली,
अगं, ते गिऱ्हाईक *आहेत* असं कशाला लिहितेस?
त्यांच्या*कडे* खातं आहे, लिही की.
माणूस एक, खाती दोन.
अख्खा पेच त्या एका ‘कडे’त होता
आणि ते अक्षर मी पहिलीत शिकले होते.

तरी माझं झाड मला आवडायचं.
वस्तू, तिची लेक ओतीव, तिची लेक पोकळ ओतीव,
तिची पंपाचं कवच, तिची दोन इंची,
अशा सात पिढ्या. कागदावर काढून
खाली पॅटर्न शॉपमध्ये घेऊन गेले.
बसलिंग बडिगेर सागवानाला पॉलिश मारत होते.
कागद नीट वाचला त्यांनी, बोट फिरवत.
एवढ्या पिढ्या, बाई?
वरच्याला शिंक आली की खालच्या सगळ्यांना सर्दी.

मग कवचाचं लाकूड उघडून दाखवलं. दोन अर्धुकं, मधे खुंट्या.
पोकळी कुठाय, मी विचारलं.
पोकळी लाकडात नसते. कोर वेगळा, वाळूचा,
साच्यात नेऊन ठेवायचा.
उद्या पाइप जाड मागितला तर कोर बदलायचा.
लाकडाला हात नाही लावायचा.

त्यांची फूटपट्टी माझ्या पट्टीपेक्षा किंचित लांब होती.
लोखंड थंड होताना आकसतं, म्हणाले,
शंभराला एक. तेवढी जागा आधीच द्यायची.
मी म्हटलं, मग पुढं काय काय लागेल म्हणून
आणखी थोडी देऊन ठेवली तर?
बेडा, बेडा.
जास्तीचं खरवडायला पगार कोण देणार?
मी पट्टी खिशात घालायला गेले तर हात धरला.
ही इथनं बाहेर नेत नाहीत.
बाहेर हिचं प्रत्येक माप खोटं.

माडीवर येऊन पाच पिढ्या पुसल्या.
एक जुनी ओळ सापडली, पहिल्या दिवसाची, माझ्याच हातची:
मालक एकच असतो, दुसरा होऊ शकत नाही.
दसऱ्याला भाऊ वेगळे झालेत.
धाकट्यानं मच्छेला शेड घेतलीय.
ती ओळ एकशे बारा ठिकाणी पोचली आहे,
मोजून ठेवलंय, अजून हात लावलेला नाही.

बडिगेरांच्या हाताखाली साचा दर ओतीला फुटतो,
वाळू चाळून पुन्हा नवा.
माझा फुटत नाही.
मला वाटायचं हे चांगलं आहे.

शनिवारी मुल्ला आले. दोन खाती उघडून दाखवली,
डावीकडे भंगार, उजवीकडे पुल्या, मधे स्वच्छ रेघ.
त्यांनी दोन्ही पाहिली, चहाचा कप बाजूला ठेवला.
झकास आहे. पण फरक किती?
मी या खात्यात शोधलं, त्या खात्यात शोधलं.
फरक कुणाकडेच नव्हता.
तो कुणाच्यात लिहायचा,
वैजयंता, सोमवारी आलीस की सांग.
तोवर त्यांनी पेन मागितलं
आणि पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी केली.