काहिलीत

दसऱ्याची आपट्याची पानं अजून खिशात चुरत होती.
गुऱ्हाळ पेटायला दिवाळी जायची होती,
म्हणून मैनुद्दीनच्या मामानं काहील दिली.
"ऊस तुटायच्या आत परत आणा," एवढंच म्हणाला,
जणू आम्ही ती घेऊन
थेट समुद्राला लागणार होतो.

चौघं.
अंबादास बुर्ला, मागावरची पाळी चुकवून.
रेणुका हत्तुरे, जिला पोहता येतं असं ती म्हणते.
मैनुद्दीन, ज्याला येत नाही
हे आम्हाला चौथीपासून ठाऊक.
आणि मी, खतावणीतून एक रविवार
गुपचूप वजा करून आलेली.

कुडलच्या अलीकडं, सीनेच्या काठावर
टेम्पोतून ती उतरवली तेव्हा
अंगाची काहिली होत होती.
पूर ओसरून महिना झालेला,
तरी बाभळीच्या शेंड्यात अडकलेलं गवत
आणि एक निळी चप्पल
आमच्या डोक्याच्या वर दोन पुरुष.
ती बघून कोणी काही बोललं नाही.

वल्हं एकच. दुसरं म्हणून
गूळ घोटायचा फावडा.

काहील गोल असते, हे माहीत होतं.
गोल म्हणजे काय, ते पाण्यात कळलं.
तिला नाक नाही, शेपूट नाही.
अंबादासनं उजवीकडं मारलं
की ती जात्यागत स्वतःभोवती.
थोडा वेळ देऊळ,
थोडा वेळ पंपाची खोली,
थोडा वेळ कर्नाटक,
पुन्हा देऊळ.
"सरळ मार की बे!"
"सरळ कुठाय बे हिच्यात?"

उन्हानं पत्रा तापला
आणि गेल्या हंगामाचा वास सुटला,
काकवीचा, जळका, गोड.
काठाच्या दुमडीतनं मुंग्या निघाल्या,
शंभरएक, तिकीट न काढलेल्या.
मग मधमाश्या आल्या, भर नदीत.
मैनुद्दीन दोन्ही हातांनी कड धरून,
नाकावर माशी,
हलायची सोय नाही.
रेणुका इतकी हसली की
बुडालो असतो तर तिच्यामुळंच.

मागं पाण्यावर काळी रेघ उठत होती.
बुडाची काजळी सुटत होती,
वर्षानुवर्षांच्या चुलवणाची.

मग सीना संपली.
पाटी नाही, काही नाही.
हिरवट पाणी गढूळ पाण्याशी
जरा वेळ अंग चोरून चाललं
आणि नंतर कुठलं कुठलं ते
विचारायला जागाच उरली नाही.
माझा फोन कन्नडमध्ये थरथरला.
आम्ही वल्ही आत घेतली.
आता भीमा नेईल तसं.

तेवढ्यात खालून खर्रर्र.
काहील थांबली.
चौघांचे श्वासही.
रेणुकानं पाय टाकला:
पाणी मांडीपर्यंत.
एवढा वेळ ज्याच्या वर जीव मुठीत,
ते पाणी मांडीपर्यंत!

सगळ्यात आधी मैनुद्दीन उतरला.
पॅन्ट गुडघ्यावर दुमडून
मधोमध नदीत उभा राहिला
आणि गावाकडं तोंड करून ओरडला,
"ए, बघा बे!"
बघायला एक म्हैस होती.
शेंगाचटणी-भाकरी आम्ही तिथंच खाल्ली,
काहील धरून, पाण्यात उभ्यानं.
हात धुवायला तो चार पावलं सरकला
आणि अंबादासनं त्याची कॉलर धरली.
वल्हं पुढं खुपसून दाखवलं:
बुडालं, मुठीपर्यंत, आणि तळ नाही.
वाळूवाल्यांचा खड्डा.
मैनुद्दीननं खड्ड्याकडं बघितलं,
मग उरलेला तुकडा खाल्ला.

संध्याकाळी मामानं काहील उलटी केली.
तांबूस, लख्ख. हात फिरवला.
"घासून आणली का काय?"
आम्ही हो म्हणालो.

जानेवारीत त्यानं एक ढेप पाठवली.
अंबादास म्हणतो, हिला नदीची चव आहे.
साफ खोटं.
पण मी दोनदा तोडून बघितली.