साचा क्रमांक सात

बेचाळीस वर्षं मी झाकणं केली.
डबे नव्हे. डबे पलीकडच्या शेडमध्ये व्हायचे,
तिथली माणसं जरा ताठ चालायची.
आमच्याकडे नुसती झाकणं :
मार्जरिनची, आइस्क्रीमची, कोबीच्या सॅलडची,
मिनिटाला चाळीस, गरम, हाताला मऊ,
आणि प्रत्येकाच्या पोटावर बेंबीएवढा आकडा.
माझा सात.

आता ग्रिम्सबीच्या या टोकाच्या गल्लीत,
जिथे वाऱ्यालाही मासळीचा आणि डिझेलचा वास,
माझी बारा पावलांची बाग आहे.
त्यातली सहा पावलं गवत. ते मी कापत नाही.
शेजारचा क्लिफर्ड विचारतो, हिल्डा, यंत्र बिघडलंय का?
मी म्हणते, हो.
यंत्र उत्तम चालतं.

डबे मला रासा आणून देते.
मूळची लिथुएनियाची, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
पहाटे सायकलच्या कॅरिअरला काहीतरी बांधूनच येते.
मार्चमध्ये आणलं मोठं निळं खोकं,
कड तडकली म्हणून फेकून दिलेलं.
सात वेळा धुतलं, तरी हॅडकचा वास जाईना.
मग पुरलं जमिनीत, तडकलेल्या कडेच्या बोटभर खालपर्यंत,
आणि पावसाची वाट पाहिली. नळाचं पाणी नको, म्हणाली.
एका कोपऱ्यात विटांची उतरंड रचली तिने,
पडेल त्याला वर येता यायला हवं,
एवढंच बोलली, आणि झोपायला गेली.

मी तिथेच उभी राहिले विटांकडे बघत.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात, कॅन्टीनच्या मागे,
एक हेजहॉग गोल गोल फिरत होता,
डोकं दह्याच्या कपात.
आत जाताना काटे आडवे होतात,
बाहेर येताना उभे. साधं गणित.
मी गुडघ्यावर बसले, कप धरला, तो घट्ट आक्रसला,
आणि भोंगा वाजला.
उशीर झाला की पंधरा मिनिटांचा पगार कापायचे.

दहाच्या सुट्टीत येऊन पाहिलं तर
तो नव्हता, कपही नव्हता.
कुणीतरी काढला असेल.
मी कुणालाच विचारलं नाही.

म्हणून माझ्या बागेत कप अखंड राहत नाही.
दोन्हीकडून कापते, नळी करते,
त्यात सुकलेले बांबू, एकटी राहणारी माशी येते राहायला.
कपड्यांच्या जुन्या खोक्याला वीतभर दार कापलं,
कड घासली, तिच्यावर चिरलेला पाण्याचा पाइप चढवला,
आत पाचोळा, वर माती.
भाडेकरू अजून दिसला नाही.
पण सकाळी दारात बाभळीच्या शेंगेएवढी काळी लेंडी होती
आणि मी ती रासाला दाखवायला दुपारपर्यंत झाकून ठेवली.

सगळं सुरेख आहे असं नाही.
उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, पापुद्रे सुटतात,
ते मी भुवयांच्या चिमट्यानं वेचते, चष्मा लावून.
आम्ही बनवलं ते टिकतंही नाही धड
आणि जातही नाही कुठे.

परवा चर्चच्या जुन्या बाजारात
दहा पेन्सना डझनभर झाकणं मिळाली.
मधमाश्यांच्या पाण्यासाठी. उथळ, त्यात गोटे टाकायचे.
एक उरलं, ते नेचाखाली पालथं पडून राहिलं.

आज रासा म्हणाली, यातलं तुझं कोणतं?
सात बघायला मी उरलेलं झाकण उचललं.
खाली बेडूक. चामखिळींचा, मातीच्या रंगाचा, गळा हलणारा,
माझ्याकडे असा बघत होता
जसा सुपरवायझर बघायचा, दार न ठोकता आत आलं की.

आकडा पाहायचा राहिला.
झाकण परत ठेवलं,
कड त्याला लागणार नाही इतक्या हळू,
एवढ्या हळू मी एकही केलं नव्हतं.