दोन इंच जागा

त्या शुक्रवारी खताची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली
आणि बालपुरवणीच्या तिसऱ्या पानाला
दोन इंच भोक पडलं.
जळगाव, रात्रीचे पावणेदहा.
संपादक असोद्याला भरीत खायला गेलेले.
वरचं शीर्षक मात्र आधीच लागलं होतं :
'तुम्हाला हे माहीत आहे का?'

मला माहीत नव्हतं.

समोर सुपडू बोरसे खिळे जुळवत होता.
त्याचा डावा कान दुमडलेला,
लहानपणी निंभोऱ्याच्या वखारीत
केळीचा घड अंगावर आला तेव्हापासून.
पेन्सिल उजव्या कानावरच ठेवायचा,
डाव्यावर टिकायची नाही.

मी लिहिलं :
कार्टूनमधल्या झिप्पू कोल्ह्याचा डावा कान वाकडा,
कारण त्याच्या चित्रकाराच्या
जिवलग मित्राचा कान तसाच होता.
मित्राचं नाव दिलं नाही.
साल दिलं, एकोणीसशे एकतीस.
साल असलं की माणसं शंका घेत नाहीत.
(ते वडिलांच्या जन्माचं. तेही मास्तरांनी
दाखल्यावर अंदाजे घातलेलं.)

सुपडूनं खिळ्यांवरून उलटं वाचलं.
"खरं शे का हाई, भाऊ?"
"उद्या होईल."
तो हसला नाही. पान बांधलं.

पुढे ते नाशिकच्या कुठल्याशा सामान्यज्ञानात गेलं,
तिथून एका रसवंतीच्या कॅलेंडरमागे,
मग बिस्किटाच्या पुड्यातल्या कार्डावर.
वाटेत कुठेतरी मित्राचा भाऊ झाला,
भावाचा कान लढाईत गेला,
साल छत्तीस.

सुपडू गेला त्याला आता नऊ वर्षं.
आमच्याच पेपरात बातमी आली नाही.
जागा नव्हती.

काल चोपड्याच्या शाळेत प्रश्नमंजूषा.
परीक्षक मी, रिकामा माणूस म्हणून बोलावलेला.
सातवीतली जागृती पावरा उठली
आणि एका दमात म्हणाली :
चित्रकाराचा भाऊ, लढाई, छत्तीस.
माझ्या हातातल्या उत्तरांच्या कागदावरही
अगदी तेच, टंकलेलं, खाली शाळेचा शिक्का.

लढाई चूक. भाऊ चूक.
सालाचं तर बोलायलाच नको.
कान तेवढा खरा होता,
आणि हे या सभागृहात
फक्त मला माहीत होतं.

"सर, गुण?" बाईंनी विचारलं.
दहापैकी दहा, मी म्हटलं,
आणि घशाशी काहीतरी आलं ते पाण्यासोबत गिळलं.

जागृती खाली बसली,
वहीत काहीतरी टिपलं,
पेन्सिल कानावर खोचली.
डाव्या.