बिनबंदराचा दिवस

सावद्याला, फेगड्यांच्या गच्चीवर,
पहाटे पाचला बिबड्यांचं पीठ शिजत असताना
आम्ही आठ जणींनी दोन जहाजं पसरली
धुवट धोतराच्या शेजारी.
कागद उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर कांदे ठेवले.

एकाचं नाव गोल्डन पेलिकन.
लीलाबाई त्याला पेलीकाकू म्हणते.
दुसरं लेडी कोरल.

भिशीची वही माझ्याकडे. अकरा वर्षांचे पैसे:
महिन्याला पाचशे, मग सातशे,
केळीला भाव आला त्या साली हजार.
म्हणून मोजमापं मीच वाचली.
पेलिकन तीनशे मीटर लांब.
“म्हणजे किती व?”
म्हणजे केळी भरायला मालगाडी लागते ना स्टेशनात,
तिच्या अर्ध्यावर.
मजले सोळा. मान वर करून पाहावं असं
आमच्याकडे फक्त पाण्याची टाकी आहे,
आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.
पोहायचे तलाव चार.
यावर कोकिळा झोपे जी हसत सुटली:
“समुद्रात जाऊन हौदातच बसायचं व, माय?”

कोरल लहान. सात मजले, एक तलाव.
फोटोत नांगराखाली गंजाचा ओघळ आहे,
तो फक्त हुरमत तडवीला दिसला.
तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती,
तिला कुणाचंही आधी दुखणं दिसतं.
“वापरातली आहे,” ती म्हणाली,
कौतुकानं की काळजीनं, कळलं नाही.

जेवायच्या जागा पेलिकनवर नऊ, कोरलवर तीन.
भरीत कुठेच नाही. कळण्याची भाकरी कुठेच नाही.
तिथे दोघांची बरोबरी झाली,
आणि ठेच्याची बरणी कुणी न्यायची
यावरच पाव तास गेला.

आपल्या पैशात पेलिकनवर आतली खोली.
खिडकी नाही. भिंतीवर टीव्ही,
त्यात बाहेरचा समुद्र दाखवतात.
“केळी पिकवायला घालतात तशी खोली,” शकुंतला बोरोले म्हणाली,
तिच्या घरच्या तशा चार आहेत.
कोरलवर गोल खिडकी, परातीएवढी.
रंजना नेहेतेनं खरंच परात उचलली,
उभी धरली, अंदाज घेतला:
“दोन तोंडं मावतील.”

हात वर केले. चार आणि चार.
हौदाला हसणारी कोकिळा पेलिकनकडे,
कारण त्यावर तीन मजली घसरगुंडी.
एकसष्टाव्या वर्षी.
“हसू नका,” ती म्हणाली. कुणी हसलंही नव्हतं.

मग मी वेळापत्रक वाचलं.
पेलिकन: रोज एक बंदर, रोज एक बस, रोज एक बाजार.
कोरल: तिसरा दिवस. समोर छापलंय,
‘समुद्रात. बंदर नाही.’

“त्या दिवशी काय करायचं?”
काही नाही.
“कुणी आलं-गेलं?”
कुठून येणार?
“फोन?”
लागत नाही.

पातेल्यात घाटा फुटफुटत होता.
दांडा शकुंतलेच्या हातात तसाच थांबला,
खाली लागल्याचा वास आला तेव्हा
सगळ्या एकदम धावलो.
गरम घाटा थापताना कोकिळा
बोटं पाण्यात बुडवत, कुणाकडेही न बघता बोलली:
“घसरगुंडीचं बघू पुढच्या भिशीत.”

नऊ वाजता धोतरभर बिबडे झाले.
दहाला त्यांच्या कडा उचलायला लागल्या.
ओला बिबडा तेल लावून खात
आम्ही कोरलचे फॉर्म भरले,
दोघींच्या फॉर्मवर तेलाचे डाग पडले, तसेच राहू दिले.

शेवटचा रकाना: अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं.
जहाजावर नसलेलं माणूस हवं, मी बजावलं,
कारण सगळ्या एकमेकींची नावं टाकत होत्या.
लीलाबाई अडली.
मालक फोन उचलत नाहीत,
मुलगा पुण्यात, कायम मीटिंगमध्ये.
तिनं गिरणीवाल्या भास्करचा नंबर लिहिला,
तो पहिल्या रिंगला घेतो.
पुढे विचारलं होतं, नातं.
तिनं पेन गालाला लावून थोडा विचार केला
आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं:
दळण.